तबकडीची दुसरी बाजू

लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात
पान्यांच्या, सायकलच्या चेनांच्या ढिगाखाली सापडली.
शंभर म्हणाला, साठला दिली.
कव्हरवर छत्रीएवढी टोपी घातलेली बाई,
तिच्यामागं पिवळा समुद्र.
नीट बघितलं तर पलीकडच्या काठावर धुणं वाळतंय,
म्हणजे रंकाळा.
वर तिरक्या अक्षरांत, "बारा नंबरचं बंदर".
खाली बारीक, सिनेमाचं संगीत, लॅटिन जॅझच्या ढंगात.

सिनेमा आलाच नाही.
निर्मात्याचा पैसा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर,
त्या हंगामात गुळाचा भाव बसला,
आणि नायिका एका सकाळी मेकअप न पुसताच
मिरजेच्या गाडीत बसली.
चार रिळं झाली होती म्हणतात.
गोळीबार, धक्क्यावरची भेट, दिवा विझवणारा हात,
सगळं आता फक्त ऐकायचं.

आबांनी यातलं काही सांगितलं नाही.
सांगायचे ते एवढंच, की एका रात्री
म्हापशाच्या एका सायबाला
गंगावेशीत धारोष्ण दूध पाजलं,
त्याच्या मिशीला फेस आला
तो त्यानं पुसलाच नाही, तसाच हसत ऱ्हायला.

बाकीचं बाबालाल जमादारांकडून कळलं.
लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेटवाले, आता नव्वदीचे,
तोंडात दात नाही, बोटं मांडीवर चालूच.
कोंगा वाजवणारा निपाणीत एस्टी चुकला.
रात्रीचे अकरा, स्टुडिओचं भाडं तासावर.
जमादार म्हणाले, आमच्याकडं एक केरबा हाय.
आबा आले ते हलगी काखेत मारून, अनवाणी.
हवेनं कातडं सैल पडलेलं,
शेकायला जाळ पाहिजे,
मग पटकथेची पानं पेटवली.
त्यात शेवटचा प्रसंगही गेला.

फुर्ताद सायबांनी दोन चमचे घेतले,
टेबलावर वाजवून दाखवलं.
तीन ठोके, जरा दम, मग दोन.
क्यूबाचं आहे म्हणाले, कळतंय का?
आबांनी मान तिरकी केली.
"कळतंय की. पाडव्याला नटवलेली म्हस
फटफटीमागं पळती,
वळणावर पाय असाच टाकती."

दुसरी बाजू, तिसरा तुकडा. नाव "पाठलाग".
ट्रम्पेट जिना उतरतो, पियानो दोन-दोन पायऱ्या गाळत मागं,
आणि मधेच ती येते.
शेकलेल्या कातड्याचा कोरडा, उद्धट कडकडाट,
जसं आवतण नसताना कुणी
पंगतीत मधोमध येऊन बसावं
आणि वाढप्याच्या हातनं पान मांडलं जावं.

कव्हरच्या मागं नावं आहेत.
ट्रम्पेट, आन्सेल्म फुर्ताद.
क्लॅरिनेट, बी. जमादार.
सगळ्यात शेवटी, "व इतर".
मी झेरॉक्सच्या दुकानात बसते.
रेशनकार्डावर एक काना चुकला
तर माणूस दुसराच होतो,
हे मी रोज दोन रुपयाला बघते.
"व इतर"ची एक प्रत काढली, मोठी करून.
अक्षरं फुगली, फुटली. आत कुणी नव्हतं.

पण तुकडा संपताना
शेवटचा ठोका विरायच्या आत
एक आवाज राहून गेलाय.
कापला नाही कुणी, बहुतेक भाडं संपत आलं असेल.
"आता दूध प्यायचं का?"
आबांचा. अठ्ठाविशीतला.
माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा.

सुई मी परत मागं नेते.
परत नेते.
समोरचा पानवाला चुना लावता लावता
रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं बघतो,
आणि ओरडून विचारतो,
"ताई, कुणाच्या म्हशी निघाल्यात ओ?"